चालीचा हिशेब

ब्रिटनी स्पिअर्सचं 'बेबी वन मोअर टाइम', म्हणजे स्वीडिश गीतकार-प्रोड्युसर मॅक्स मार्टिनचं गाणं, सुरू होतं तेव्हा पियानोवर खालच्या सप्तकात तीन ठोके पडतात आणि तेवढ्यावर गाणं ओळखू येतं. पेटी जवळ असेल तर काढा. पांढरी एकला सा धरा आणि हे कॉर्ड (तीन सूर एकदम दाबून) धरून बघा: आधी सा, कोमल ग, प. मग प, शुद्ध नी, रे, पण खर्जात शुद्ध नी. मग कोमल ग, प, कोमल नी. मग म, कोमल ध, सा. आणि शेवटी पुन्हा प, शुद्ध नी, रे. पहिले दोन कॉर्ड कीरवाणीची हवा तयार करतात, तिसऱ्याला कोमल निषाद येऊन ती मोडतो, पाचव्याला शुद्ध निषाद परत हजर. तीन-साडेतीन मिनिटांच्या शाळकरी प्रेमगीतात एवढी उदासी कुठून आली, याचं अर्धं उत्तर या दोन निषादांत आहे.

बाकीचं अर्धं बांधणीत. अंतऱ्याला आणि मुखड्याला (म्हणजे कोरसला) हीच कॉर्डमाला आहे. त्यामुळे शेवटच्या फेरीत मुखडा चालू असताना त्याच्यावर दुसरी ओळ बेधडक टाकता येते. दोन्ही एकाच सांगाड्यावर बेतलेल्या, म्हणून टक्कर होत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं गाणं फुललं. प्रत्यक्षात नवीन काहीच आलेलं नसतं, आधी ऐकलेलंच दोनदा एकदम वाजत असतं.

हे गाणं १९९८ साली स्टॉकहोममधल्या शेरॉन स्टुडिओत रेकॉर्ड झालं. ब्रिटनी स्पिअर्स १६ वर्षांची, आणि गाणं लिहिणारा मॅक्स मार्टिन २७ वर्षांचा. आधी ते टीएलसी या अमेरिकी गटाला देऊ केलं होतं, त्यांनी नको म्हटलं. कारण उघड होतं: 'हिट मी'. लिहिणाऱ्या स्वीडिश मंडळींना त्याचा अर्थ 'मला फोन कर' असा वाटत होता. अमेरिकी कानाला मारहाण ऐकू आली. शेवटी शीर्षकातून ते दोन शब्द गेले आणि त्यांच्या जागी तीन टिंबं आली. गाण्यातून मात्र ते काढले नाहीत, कारण त्या जागी तेवढीच अक्षरं, तेवढ्याच आघाताची हवी होती. मॅक्स मार्टिनचं अख्खं करिअर समजायला ही एक गोष्ट पुरते. चाल अक्षरापर्यंत पक्की, बाकी सगळं बदलता येतं.

माणसाचं खरं नाव मार्टिन सँडबर्ग, जन्म १९७१, स्टॉकहोम. नगरपालिकेच्या संगीतशाळेत तो फ्रेंच हॉर्न शिकला. आपण जे आहोत ते सरकारी संगीतशिक्षणामुळे, असं त्याने म्हटलंय. पुढे 'इट्स अलाइव्ह' नावाच्या ग्लॅम मेटल बँडचा गायक झाला. बँड फारसा चालला नाही, पण त्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डेनिझ पॉपला या गायकाच्या चाली आवडल्या आणि त्याने त्याला शेरॉन स्टुडिओत ठेवून घेतलं. 'मॅक्स मार्टिन' हे नावही डेनिझचंच.

डेनिझ पॉप (खरं नाव डाग वोले) मूळचा डीजे. त्याला एकही वाद्य धड वाजवता येत नव्हतं. त्याचा कान डान्स फ्लोअरवर तयार झालेला: कुठे लोक थांबतात, कुठे बाथरूमला जातात, हे त्याला ठाऊक. एस ऑफ बेस या स्वीडिश गटाची डेमो (नमुन्याची) कॅसेट त्याच्या गाडीच्या प्लेअरमध्ये अडकली आणि रोज तीच ऐकावी लागली, त्यातून 'ऑल दॅट शी वॉन्ट्स' घडलं, हा किस्सा पॉपच्या दुनियेत सगळ्यांना पाठ आहे. मार्टिनने त्याच्या हाताखाली दोन वर्षं रात्रंदिवस उमेदवारी केली. प्रोड्युसर नेमकं करतो काय हेही त्याला आधी माहीत नव्हतं. १९९८ च्या ऑगस्टमध्ये डेनिझ पोटाच्या कॅन्सरने गेला, अवघ्या ३५ व्या वर्षी. दोन वर्षांनी शेरॉन बंद झाला.

आता कामाच्या पद्धतीकडे. आपल्याकडे भावगीतात कविता आधी, म्हणून आपण 'चाल लावली' म्हणतो. गदिमांचे शब्द हातात पडले की सुधीर फडके चाल बांधत. हिंदी सिनेमात बहुतेक वेळा उलट: संगीतकार मीटर देतो, डमी बोल गुणगुणतो आणि गीतकार त्यात शब्द बसवतो. मार्टिन या दुसऱ्या घराण्यातला, पण तिथलाही सोवळा. डमी बोलांमधला 'आ' कुठे आणि 'ई' कुठे, हेसुद्धा त्याच्या लेखी चालीचाच भाग. उंच सुरावर बंद ओठांचा शब्द आला की आवाज गुदमरतो, तिथे मोकळा स्वर हवा. त्याच्या या पद्धतीला 'मेलॉडिक मॅथ' म्हणतात. गायिका केटी पेरीसाठी त्याच्याबरोबर लिहिणाऱ्या बॉनी मकीने सांगितलंय की एक अक्षर वाढलं किंवा कमी झालं तर त्याच्या दृष्टीने ती चालच वेगळी होते. पहिल्या ओळीत सात अक्षरं असतील तर तिच्या जोडीच्या ओळीतही सात, आघातही त्याच जागी. 'टीनेज ड्रीम'चे (२०१०) शब्द त्यामुळे पुन:पुन्हा लिहावे लागले. चाल जिथल्या तिथे.

या हट्टाची किंमत अर्थाला मोजावी लागते. बॅकस्ट्रीट बॉइजचं 'आय वाँट इट दॅट वे' (१९९९) घ्या. त्यातलं 'ते' म्हणजे नेमकं काय, हे कुणालाच सांगता येत नाही. अंतऱ्यात एक, मुखड्यात त्याच्या उलट. म्हणून अर्थ लागेल असे शब्द लिहून दुसरी आवृत्ती रेकॉर्डही झाली. ती गटालाच पचली नाही, पहिलीच बाजारात आली. कवितेवर प्रेम करणाऱ्या मराठी माणसाला हे झोंबेल. मलाही झोंबतं. पण अर्थ नीट केलेल्या आवृत्तीत मूळच्या शब्दांचा नाद राहत नाही, हे ऐकल्यावर कबूल करावं लागतं.

हिशेबाचे आणखी दोन-तीन नियम त्याच्या गाण्यांतून सरळ दिसतात. अंतऱ्यात शब्दांची गर्दी असेल तर कोरसमध्ये लांब सूर. अंतऱ्याची ओळ समेवर सुरू होत असेल तर प्री-कोरसची (कोरसच्या आधीच्या तुकड्याची) समेच्या मागेपुढे, म्हणजे कोरस पुन्हा समेवर आला की तो जाणवतो. आणि एका वेळी एकच नवी गोष्ट. टेलर स्विफ्टच्या 'शेक इट ऑफ'मध्ये (२०१४) शेवटपर्यंत तीनच कॉर्ड फिरतात, ए मायनर, सी, जी, तेही १६० च्या लयीत (मिनिटाला १६० ठोके). कॉर्ड बदलत नाहीत म्हणून चालीला हवं तितकं वळता येतं. त्याच अल्बममधल्या 'ब्लँक स्पेस'चा अंतरा जवळजवळ एका सुरावर बोलल्यासारखा आहे. मग कोरसमध्ये गाण्याचं नाव घेतलं जातं त्या क्षणी सगळा वाद्यमेळ थांबतो आणि बॉलपेनचा 'टिक्' येतो. नवखा प्रोड्युसर तिथे ढोल वाढवेल. इथे काढून घेतलंय.

हौशी लोक नेमके इथेच घसरतात. कोरस मोठा वाटत नाही म्हणून आणखी चार सिंथ (सिंथेसायझरचे आवाज) चढवतात. दोष बहुतेक वेळा कोरसमध्ये नसतोच, अंतरा आधीच भरगच्च असतो. अंतऱ्यातला बास काढा, झांजा काढा, आवाज एकेरी ठेवा. कोरस आपोआप दुप्पट होतो.

आवाजाच्या कामावर हे लोक किती वेळ घालवतात याचा अंदाज बाहेरून येत नाही. मार्टिन स्वतः उत्तम गातो. त्याचा डेमो इतका बारकाईने गायलेला असतो की श्वास कुठे घ्यायचा हेही त्यात ठरलेलं असतं, आणि बॅकस्ट्रीट बॉइजच्या रेकॉर्डवर मागच्या आवाजांत तो स्वतःही आहे. त्यानंतरची पायरी म्हणजे कॉम्प. गायिका पूर्ण गाणं अनेकदा गाते आणि प्रोड्युसर ओळीओळीने, वेळ पडली तर अक्षराअक्षराने, सर्वांत चांगला तुकडा उचलून एकच सलग टेक शिवतो. मुख्य आवाज मधोमध एक. कोरसला त्याचे डबल (तीच ओळ पुन्हा गाऊन), एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यावर हार्मनी (मुख्य सुराला जुळणारे वेगळे सूर), प्रत्येक सूर किमान दोनदा गाऊन. म्हणजे तीन सुरांची हार्मनी धरली तरी कोरसमध्ये नऊ ट्रॅक नुसते आवाजाचे.

गडबड होते ती व्यंजनांनी. नऊ ट्रॅकवर नऊ 'स' आणि नऊ 'ट' थोडे पुढेमागे पडले की ओळीच्या शेवटी फुटाणे फुटल्यासारखं वाजतं. उपाय कंटाळवाणा पण साधा: डबल आणि हार्मनीतले शेवटचे 'स', 'ट', 'प' कापून टाकायचे किंवा गातानाच गिळायला सांगायचे, व्यंजन फक्त मुख्य आवाजाने उच्चारायचं. दुसरी चूक श्वासांची. कॉम्प करताना श्वास पुसले की आवाज यंत्राचा वाटतो, आणि दोन वेगळ्या टेकमधले श्वास एकावर एक आले की गायिकेला दमा असल्यासारखा. सूर दुरुस्त करताना ओळीतला सरकता सूर (आपली मींड म्हणा) सपाट झाला तरी गेलं काम. एवढं झाल्यावर गाणं मिक्सला, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवायला जातं. २००० च्या दशकापासून मार्टिनच्या बहुतेक रेकॉर्डचं मिक्सिंग एकच माणूस करतो, सर्बान गेनिया. इतकी वर्षं तोच माणूस ठेवणं हाही हिशेबच.

पैशांचं गणित थोडक्यात, कारण त्याशिवाय क्रेडिटमधली नावांची रांग कळत नाही. अमेरिकेत सीडी, रेकॉर्ड किंवा डाउनलोडच्या प्रत्येक प्रतीमागे गीतलेखनाचा कायद्याने ठरलेला दर आहे. २००६ ते २०२२ तो ९.१ सेंट होता, २०२५ साली १२.७ सेंट. दहा लाख प्रती खपल्या तर एका गाण्याचे १,२७,००० डॉलर. चार लेखकांनी सारखे वाटून घेतले तर प्रत्येकी ३१,७५०, त्यातून प्रकाशकाचा वाटा वेगळा. आणि खरी मेख अशी: अमेरिकेतलं साधं रेडिओ स्टेशन गाणं वाजवल्याबद्दल लेखक-संगीतकार आणि त्यांच्या प्रकाशकाला पैसे देतं, गायकाला आणि रेकॉर्ड प्रोड्युसरला देत नाही. नुसत्या प्रोड्युसरला रेकॉर्डच्या उत्पन्नात साधारण तीन-चार टक्के मिळतात, तेही आगाऊ रक्कम वळती झाल्यावर. म्हणून नुसता बीट बनवणाराही लेखक म्हणून नाव लावून घेतो. वाटे स्टुडिओतून उठायच्या आत कागदावर घ्यावेत. गाणं चाललं की प्रत्येकाला आपलंच अक्षर महत्त्वाचं वाटू लागतं. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा आणि तो परस्पर सोडून देता न येण्याचा हक्क २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने आला. त्याआधी एकरकमी पैसे घेऊन मोकळं व्हायची रीत होती.

शेरॉन बंद झाल्यावर मार्टिनने माराटोन ही कंपनी काढली, पण वारं फिरलं होतं. किशोरवयीनांच्या पॉपचा लोकांना वीट आला. २००१ ते २००३ हा त्याचा पडता काळ, आणि माझ्या मते त्याची सर्वांत शिकण्यासारखी वर्षंही हीच. त्याने जुना साचा घोटत बसण्याऐवजी न्यू यॉर्कचा गिटारवाला लुकाश गॉटवाल्ड याला जोडीला घेतलं. दोघं इंडी रॉक ऐकत होते. आवाज कडक, अंतरे मस्त, पण कोरस येतो आणि उडत नाही, ही त्यांची तक्रार. मग तसाच दाबून वाजवलेला गिटारचा अंतरा घेऊन त्यावर त्यांनी उडणारा कोरस बसवला. 'सिन्स यू बीन गॉन' (२००४), गायिका केली क्लार्कसन. गिटार नवी, हिशेब शेरॉनचाच.

तेव्हापासून दर काही वर्षांनी तो एक नवा जोडीदार उचलतो. स्वीडिश प्रोड्युसर शेलबॅक मेटलमधून आलेला. टेक्सासमध्ये जन्मलेला, भारतीय वंशाचा सवान कोटेचा 'कान्ट फील माय फेस'मध्ये (२०१५) सोबत. डेनिझने त्याला जसं ठेवून घेतलं तसंच हा इतरांना ठेवून घेतो, आणि वाटाही देतो. अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत लेखक म्हणून त्याची २५ हून जास्त गाणी पहिल्या क्रमांकावर गेली आहेत, पुढे फक्त पॉल मॅकार्टनी. प्रोड्युसर म्हणून बीटल्सवाल्या जॉर्ज मार्टिनचा २३ चा विक्रमही त्याने मागे टाकलाय.

गायक द वीकंडचं 'ब्लाइंडिंग लाइट्स' (२०१९), हेही मार्टिनच्याच हिशेबातलं, पेटीवर वाजवून बघायचं तर काळी-पांढरीचा घोळ नको, मूळ एफ मायनर सोडून पुन्हा पांढरी एकला सा धरा. सा, कोमल ग, प. मग प, कोमल नी, रे. मग कोमल नी, रे, म. आणि चौथ्याला म, शुद्ध ध, सा. तीन कॉर्ड सरळ मायनरमधले आणि चौथ्यात अचानक शुद्ध धैवत. लय १७१. अंतरा, प्री-कोरस, कोरस, सगळं या चारांवरच.