बंड्या-कैरीचा तीन फुटी वाडा

मागच्या जूनमध्ये नणंदेच्या नवऱ्याची बदली बंगळुरूला झाली आणि तिच्याकडचे दोन पक्षी आमच्या हॉलमध्ये आले. "वहिनी, महिनाभर ठेव ना, घर लागलं की नेते," असं ती म्हणाली होती. तो महिना अजून संपायचा आहे.

एक निळा, एक हिरवी. निळ्याचं नाव बंड्या, हिरवीचं कैरी. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "अय्या, लव्हबर्ड्स!" मीही तेच म्हणत होते. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे. हे बजरिगार, म्हणजे बजी. मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातले, पाण्याच्या शोधात थव्यांनी फिरणारे. चोचीच्या वर नाकपुड्यांचा जो मांसल भाग असतो तो मोठ्या नरात निळा आणि मादीत तपकिरी असतो, एवढं कळायलासुद्धा मला पंधरा दिवस लागले.

सोबत आलेला पिंजरा वरून घुमटासारखा गोल, सोनेरी मुलाम्याचा. दिसायला झोकदार. आठवडाभरात माझ्या लक्षात आलं, की बंड्या उडतच नाही. चोचीनं तार धरायची, वर चढायचं, तसंच खाली यायचं, पुन्हा वर. शेपटीची पिसं तारांना घासून घासून झाडूच्या काड्यांसारखी झाली होती. एका संध्याकाळी शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि पिंजरा मोजला. आरपार १४ इंच. बजीनं पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ फूटभर भरतात. म्हणजे बिचाऱ्यानं एकदा आळस दिला की घर संपलं.

कैरी शिंकत होती म्हणून पक्ष्यांच्या डॉक्टरकडे गेले. तरुण मुलगी. तिनं दोघांना छोट्या डब्यात घालून काट्यावर ठेवलं. बंड्या ३४ ग्रॅम, कैरी ३७. शिंक किरकोळ निघाली, पण पिंजरा बघून तिनं तोंड वाकडं केलं. "काकू, हे सरळ उडणारे पक्षी आहेत, हेलिकॉप्टरसारखे उभे वर जात नाहीत. उंच पिंजरा आपल्या डोळ्यांना बरा वाटतो, त्यांना उपयोग नाही. जोडीला निदान ३० इंच लांबी हवी, जास्त मिळाली तर फारच छान. आणि तारांमधलं अंतर अर्ध्या इंचाच्या वर नको, डोकं अडकतं." (अठ्ठेचाळिसाव्या वर्षी काकू. असो.)

मग दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानात देवळाच्या शिखरासारखे पिंजरे, सगळे उंचच उंच. दुसऱ्या दुकानातला पिंजरा चांगला ऐसपैस होता, पण तारांमधून माझी दोन बोटं आरामात आत गेली. दुकानदार म्हणाला, "पोपटाचा आहे मॅडम, यात काहीपण राहतं." आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, आणि तरी "पोपटाचा पिंजरा" हा शब्द बाजारात ठणठणीत जिवंत आहे. आमच्या आजोळी ओसरीवर एक राघू होता, तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्याच दुकानदारानं मला एक छोटं मडकंही गळ्यात मारलं, "जोडी आहे ना? लावून टाका, अंडी देतील." ते मडकं मी घरी घेऊन आले. डॉक्टरनं फोनवर सांगितलं, पिल्लं नको असतील तर मडकं आत ठेवूच नका. जागा दिसली की मादी अंड्यावर अंडी घालत राहते आणि तिच्या हाडांतला चुना संपतो. आता त्या मडक्यात बडीशेप असते.

तिसरा प्रयत्न ऑनलाइन. साडेचार फुटी पिंजरा स्वस्तात दिसला, मी हरखून मागवला. आल्यावर कळलं, की साडेचार फूट ही चाकांच्या स्टँडसकट उंची. लांबी १८ इंच. मजकुरात तसं स्पष्ट लिहिलं होतं, मीच नीट वाचलं नव्हतं. परत पाठवताना खोका पुन्हा बांधायला नवऱ्याला एक अख्खा रविवार लागला. तो म्हणाला, "बाहेर बघत बसण्यापेक्षा आपणच करून घेऊ." त्याच्या मते अर्ध्या दिवसाचं काम. पुढचे पाच आठवडे मी त्याला ह्या वाक्याची आठवण करून देत होते.

मापं ठरवली: लांबी ३६, उंची २४, खोली २० इंच. सांगाडा ॲल्युमिनियमचा, सोसायटीत स्लायडिंगच्या खिडक्या बसवणाऱ्या माणसाकडून. जाळी आपण आणून द्यायची. ती आणायला पुण्यातल्या बोहरी आळीत गेलो. स्टेनलेस स्टीलची अर्धा इंची जाळी सगळ्यात चांगली, पण ती कुणी तुकड्यात द्यायला तयार नव्हतं, अख्खा रोल घ्या म्हणत होते. त्या रोलमध्ये सोसायटीतल्या सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसल्या असत्या. शेवटी तीन फूट पन्ह्याची जीआय जाळी अकरा फूट घेतली.

आणि इथे खरं काम सुरू झालं. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. नव्या जाळीच्या जोडांवर जस्ताचे थेंब आणि पांढुरकी भुकटी राहते. बजी दिवसभर तारा चावतात, ते जस्त पोटात गेलं तर विषबाधा होते. ३४ ग्रॅमच्या जिवाला त्यातलं किती पुरेल, ह्याचा विचार करूनच माझ्या पोटात गोळा आला. उपाय साधा आहे आणि कंटाळवाणा आहे: व्हिनेगर आणि ब्रश. बाल्कनीत जाळी आडवी टाकली, किराणा दुकानातून पांढऱ्या व्हिनेगरच्या सहा बाटल्या आणल्या (दुकानदार: "चायनीजची गाडी टाकताय का?") आणि भांडी घासायच्या ताठ ब्रशनं एकेक चौकोन घासला. व्हिनेगर लागलं की तार आधी काळपट होते, बारीक बुडबुडे येतात, मग बोटाला राखेसारखं काहीतरी लागतं. कुठे जोडावर टोकदार कण हाताला लागला की तो कानशीनं घासायचा. एक बाजू झाली की उलटायची. मग पाणी, पुन्हा पाणी, मग ऊन. जुलैत पुण्यात ऊन कुठलं? जाळी चार दिवस दोरीवरच्या कपड्यांशेजारी लोंबत होती आणि सगळ्या कपड्यांना लोणच्याचा वास. धुतल्यानं धोका कमी होतो, शून्य होत नाही, हे डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं. तारेवर पुन्हा पांढरं धरू लागलं तर घासायचं, आणि कोटिंग उडालं तर जाळीच बदलायची. मी दर महिन्याच्या एक तारखेला बॅटरी घेऊन बघते.

खिडकीवाल्याला पिंजऱ्याचं काम नवीन होतं, पण हात सफाईदार. जाळीच्या कापलेल्या कडा त्यानं सेक्शनच्या खाचेत दाबून बसवल्या, त्यामुळे एकही टोक आत आलं नाही. खाली सरकता ट्रे, त्यावर कालचा पेपर. पुढचं दार मी मुद्दाम मोठं आणि बाजूला उघडणारं करून घेतलं, कोपरापर्यंत हात आत जाईल असं. बाजारातली वर सरकणारी दारं मानेवर पडतात. वाट्या ठेवायच्या दोन छोट्या खिडक्या मात्र सरकत्या केल्या, सोपं पडतं म्हणून. ती चूक होती, ती पुढे येतेच. जाळी, ॲल्युमिनियम, ट्रे, मजुरी धरून ५,८०० रुपये झाले. व्हिनेगर वेगळं.

आत काय लावायचं, ह्यात मला खरी मजा आली. दुकानातल्या दांड्या सगळ्या एकाच जाडीच्या आणि गुळगुळीत. पक्षी दिवसरात्र पायावरच असतो, तळव्याच्या एकाच जागी दाब येऊन फोड होते. सोसायटीच्या मागे पेरूचं झाड आहे. माळीकाकांना सांगितलं, छाटणी झाली की फांद्या टाकू नका. करंगळीएवढ्या जाड ते अंगठ्याएवढ्या जाड अशा सहा फांद्या निवडल्या, घासून धुतल्या, वाळवल्या. साल तशीच ठेवली, ती सोलणं हा बंड्याचा आवडता उद्योग आहे. फांद्या दोन्ही टोकांना लावल्या आणि मधला दीड फूट मोकळा सोडला. आमच्या मुलीनं तिथे झोपाळा, घंटी, आरसा असा सगळा थाट मांडला होता. तो एकेक करून काढला. वाटीच्या वर फांदी लावायची नाही हे मात्र एकदा पाण्यात विष्ठा पडल्यावर कळलं.

कॅल्शियमसाठी समुद्रफेण लागतो, म्हणजे कटलफिश ह्या समुद्री प्राण्याच्या अंगातलं पांढरं कवच. दुकानात तो चिमट्यासकट प्लास्टिकच्या पाकिटात मिळतो. मी मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात गेले. "समुद्रफेण आहे का?" म्हातारबुवांनी चष्म्यावरून बघितलं. "कान कुणाचा फुटलाय?" पक्ष्यांना हवाय म्हटल्यावर त्यांनी सगळ्यात मोठा, पांढराशुभ्र तुकडा शोधून दिला आणि पैसे कमी घेतले.

जागा ठरवताना घरात जवळजवळ भांडण झालं. स्वयंपाकघर बाद, कारण नॉनस्टिकचा तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरतात. बाल्कनी बाद, कावळे, मांजर, पश्चिमेचं ऊन. राहिली हॉलची भिंत, एक बाजू बंद, पिंजरा डोळ्यांच्या उंचीवर. पण त्या भिंतीला लागून देवघर. सासूबाई सकाळी दोन उदबत्त्या, संध्याकाळी धूप. धूर पक्ष्यांच्या फुप्फुसांना सोसत नाही, हे त्यांना सांगायचं कुणी? नवरा पेपरात डोकं घालून बसला. मीच घाबरत म्हटलं, "आई, थोडे दिवस नुसतं निरांजन लावलं तर चालेल का?" त्या गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी पूजा करताना मोठ्यानं देवाला म्हणाल्या, "बाबा रे, शेजारी दम्याची पाखरं आलीत, सांभाळून घे." उदबत्ती आता तुळशीपाशी, बाल्कनीत. डासांची कॉइल आणि यंत्र दोन्ही बंद, हॉलमध्ये झोपणाऱ्यांना मच्छरदाणी.

मुंग्यांचा तोडगाही त्यांचाच. राळे आणि बाजरी सांडली की रात्रीत रांग लागायची, आणि पिंजऱ्याजवळ औषध मारता येत नाही. "आमच्याकडे दुधाच्या जाळीच्या कपाटाखाली वाट्या असायच्या," त्या म्हणाल्या. जुन्या टीव्हीच्या टेबलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. मुंग्या गेल्या. पाणी एक दिवसाआड बदलावं लागतं, नाहीतर डेंग्यूला आमंत्रण.

घर बदलायच्या दिवशी पक्ष्यांना हातात धरायचं नाही असं ठरवलं. जुन्या पिंजऱ्याचं दार नव्याच्या दाराला भिडवलं, फटी ओढणीनं बंद केल्या, दाणे नव्या घरात ठेवले. सकाळी साडेनवाला सुरुवात. कैरी पावणेबाराला दाणे बघून पलीकडे गेली. बंड्या उंबऱ्यावर येऊन मान वाकडी करायचा आणि मागे फिरायचा. आमची जेवणं झाली, भांडी झाली. अडीच वाजता पलीकडून कैरीनं काहीतरी चिवचिवाट केला आणि हा गेला. थोडा वेळ दोघं चिकटून बसले. मग एकदम फर्रर्र असा आवाज, पत्त्यांचा कॅट पिसल्यासारखा. बंड्या ह्या टोकाहून त्या टोकाला. उतरताना फांदी चुकली, जाळीला लोंबकळला, पुन्हा उडाला. त्या दुपारी तो किती वेळा गेला-आला हे मुलीनं मोजायला घेतलं होतं, पन्नासनंतर तिनं नाद सोडला.

आणि आता ती सरकती खिडकी. तीन आठवड्यांनी मी कणीक मळत होते आणि हॉलमधून सासूबाईंची हाक आली, "अगं, पंखा!" बंड्यानं चोचीनं खिडकी उचलली होती आणि तो बाहेर होता. पंखा चारवर. बटण बंद केलं, पण पाती लगेच थोडीच थांबतात? तो पंख्याखालून एक चक्कर मारून पडद्याच्या दांडीवर बसला. मी कणकेच्या हातानं भिंतीला टेकून उभी. पाती थांबेपर्यंत कुणी श्वास घेतला नसेल. दिवे बंद केले, अंधारात तो हलेना, मग पातळ टॉवेल टाकून उचलला. त्याच संध्याकाळी दोन्ही खिडक्यांना कपड्यांचे चिमटे लागले. आता ते दोघं रोज तासभर मोकळे असतात, आणि त्या तासात पंख्याच्या बटणावर लाल चिकटपट्टी असते. पाहुणे उकाड्यानं हैराण होतात.

जुना सोनेरी पिंजरा वॉचमननं मागितला, गावी कुणाला तरी द्यायला. मी काहीतरी सबब सांगितली आणि भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं घुमट पायानं दाबून चपटा केला, काट्याला लावला. सव्वा किलो, तीस रुपये. जाताना हॉलमध्ये डोकावून म्हणाला, "लव्हबर्ड आहेत का, ताई?"

"बजी आहेत."

"तेच ते," तो म्हणाला.