कोरलाइन अडतं ते आरओपाशी

खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या दगडावर कोरलाइन शेवाळाचा जांभळा थर चढला नाही, तो पांढराच राहिला की लोक आधी कॅल्शियमची बाटली मागवतात. तिने काही झालं नाही की जांभळं शेवाळ वाढवण्याच्या नावाने विकली जाणारी दुसरी बाटली येते. मी लातूरला राहतो. इथल्या पाण्यावर रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा टँक, उभा करताना मला जे नडलं ते कुठल्याच बाटलीने सुटणारं नव्हतं, आणि त्यावर कोणी धड बोलत नाही याचा राग अजून गेलेला नाही.

आधी सोपा भाग उरकतो. कोरलाइन हे लाल शेवाळांपैकी, पेशींच्या भिंतीत चुना साठवणारं. त्या चुन्यात मॅग्नेशियमही बरंच असतं, म्हणून कॅल्शियम, अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट) आणि मॅग्नेशियम तिन्ही लागतात. कॅल्शियम ४०० ते ४४० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (हे तिचं एकक), क्षारता म्हणजे मिठाचं प्रमाण १.०२५ विशिष्ट गुरुत्वाचं, तापमान २५-२६ अंश. चांगल्या मिठाने ताजं पाणी बनवलं की हे आकडे बहुतेक मिळालेलेच असतात. पहिले दोन-तीन महिने वरून काही घालायचं कारण नाही, कारण ते वापरणारं टँकमध्ये अजून कोणी नसतं. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू बसण्याचा फेरा चार ते सहा आठवड्यांत होतो.

त्यानंतर दगडावर, वाळूवर, काचेवर तपकिरी भुकटी बसते. ते डायटम, एकपेशी शेवाळ. नव्या टँकमध्ये ते यायचेच, आणि काही आठवड्यांत आपोआप जायला हवेत. इथे ते जात नाहीत. पुसलं की दोन दिवसांत परत. या थराखाली कोरलाइनच्या बीजाला दगड धरताच येत नाही, मग कॅल्शियम ४५० करा नाहीतर ५००. उलट अल्कलिनिटीही चढी असेल तर तेच कॅल्शियम हीटरवर आणि पंपावर पांढरं होऊन बसतं.

डायटमला कवचासाठी सिलिका लागते, आणि मराठवाड्यातलं बोअरचं पाणी बेसाल्टमधून मुरून येतं. त्यात सिलिका भरपूर. नळाचं पाणी रोज येत नाही, उन्हाळ्यात टँकर, म्हणजे शेवटी सगळं बोअरवरच. आता गोची अशी की पाण्यात विरघळलेल्या सिलिकावर विद्युत भार जवळजवळ नसतो आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) दाखवणारा मीटर भारच मोजतो. मीटर शून्य दाखवतो, आपण खूश, आणि टँकमध्ये सिलिका जातच राहते.

म्हणून नुसतं आरओ पुरत नाही, पुढे डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे, हवंच. ९०० टीडीएसचं पाणी चांगल्या मेम्ब्रेनमधून १८-२० वर येतं, म्हणजे ९८ टक्के अडवलं. बाहेर ४५ च्या वर यायला लागलं तर मेम्ब्रेन संपत आली. उरलेलं रेझिन काढतं, पण सिलिकाला ते सगळ्यात सैल धरतं. रेझिन भरत आलं की जास्त ओढीचे क्षार सिलिकाला ढकलून स्वतः बसतात आणि आधी धरलेली सिलिका एकदम बाहेर पडते. हे मीटर ० वरून १ वर जाण्याच्या आधी घडतं. रंग बदलणाऱ्या रेझिनवरही म्हणूनच पूर्ण भरवसा नको. डीआयची दोन भांडी एकामागे एक लावा. पहिल्याच्या बाहेर १ दिसलं की पहिल्यातलं रेझिन टाका, दुसरं पहिल्याच्या जागी आणा, नवीन दुसऱ्या जागी. मीटर तीन ठिकाणी हवा: आत येताना, मेम्ब्रेननंतर आणि पहिल्या डीआयनंतर. सिलिकाचं टेस्ट किट मिळालं तर सोन्याहून पिवळं.

दुसरा चोर म्हणजे कार्बन डायऑक्साइड. बोअरच्या पाण्यात तो बराच असतो, मेम्ब्रेन त्याला अडवत नाही, मीटरलाही तो फारसा दिसत नाही आणि रेझिन मात्र तो खाऊन टाकतो. रेझिन फार लवकर संपतं अशी तक्रार असेल तर आधी हेच तपासा. उपाय स्वस्त आहे. आरओचं पाणी थेट डीआयमध्ये न सोडता झाकण सैल ठेवलेल्या स्वच्छ ड्रममध्ये घ्या, रात्रभर एअर स्टोन चालू ठेवा, आणि सकाळी जुन्या आरओच्या बूस्टर पंपाने हळू धारेने डीआयमधून काढा. रेझिन किती जास्त टिकतं ते स्वतःच बघा.

आता घरच्या आरओबद्दल, कारण माझा खरा राग तिथे आहे. घरगुती आरओमध्ये मेम्ब्रेनच्या पुढे टीडीएस कंट्रोलर असतो. तो कच्चं पाणी थोडं परत चांगल्या पाण्यात मिसळतो. त्यानंतर मिनरलचा कार्ट्रिज, कुठे अल्कलाइनचा, आणि हल्ली कॉपरचा. तांबं गोगलगायी आणि कोळंबीला मारतं, त्यातून वाचलं तर बाकीचं बोलू. मेकॅनिकला हे सगळं काढायला सांगा, तो काढतो आणि पुढच्या सर्व्हिसला न विचारता परत बसवून जातो. "सर, झिरो टीडीएसचं पाणी काय करायलात? चवच येईना त्याला." टँकसाठी म्हटलं तर, "माशांना पण मिनरल लागतेत की." त्याच्याशी वाद घालू नका. मेम्ब्रेनच्या हाउसिंगमधून निघणाऱ्या नळीला तिथेच एक टी जोडा, एक फाटा पिण्याच्या मशीनला आणि एक व्हॉल्व्हसह आपल्या ड्रमला. मग तो पुढे काय वाटेल ते बसवो. प्रत्येक सर्व्हिसनंतर मात्र ड्रमच्या नळीवर मीटर लावून बघा, कारण टी काढून ठेवणारेही भेटतात.

मेम्ब्रेनच्या आधी बसवतात त्या अँटिस्केलंटच्या पांढऱ्या गोळ्या बहुधा पॉलिफॉस्फेटच्या असतात. त्यातलं फॉस्फेट बहुतेक मेम्ब्रेन अडवते, पण जुन्या मेम्ब्रेनवर भरवसा नको. टँकचं फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या वर राहिलं तर चुना बसण्यातच अडथळा येतो. ०.०३ ते ०.०८ ठीक. एकदम शून्य करू नका, मग डायनोफ्लॅजलेट (चिकट तपकिरी थर करणारे सूक्ष्मजीव) येतात आणि ते डायटमपेक्षा वाईट. फॉस्फेटसाठी फेरिक ऑक्साइडचे दाणे वापरत असाल तर ते थोडी सिलिकाही ओढतात, हा फायदा.

पाणी थोडं थोडं, दिवसातून चारदा काढायची सवय मोडा. मशीन बंद असताना मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंचं पाणी सारखं होत जातं, आणि सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं १५०-२०० टीडीएस निघतं. ते रेझिनवर गेलं की रेझिनचं आयुष्य तिथेच संपतं. पाच मिनिटांचं पाणी बाहेर सोडा आणि मग एकदम पन्नास लिटर काढा. वीज जाऊन आली की पुन्हा पाच मिनिटं. मे महिन्यात छतावरच्या टाकीतलं पाणी दुपारी तापतं, तेव्हा धार जोरात येते पण मेम्ब्रेन क्षार जास्त सोडते. म्हणून पहाटे काढावं. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. कार्बनचा कार्ट्रिज संपलेला असला की क्लोरीन मेम्ब्रेनच खाऊन टाकतं.

एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीनेक लिटर वाया जातं. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेलं गाव आहे हे, त्यामुळे ते गटारीत सोडायची लाज वाटायला हवी. पण वाया जाणारी धार आवळूही नका, इथल्या जड पाण्यात मेम्ब्रेनवर लगेच खार बसतो. ते पाणी फरशीला, संडासला, गाडी धुवायला वापरा. कुंड्यांना नको, माती खारावते.

पाणी सुधारलं की तपकिरी थर दोन-तीन पाणीबदलांत, दर वेळी १५-२० टक्के, विरत जातो. आता बीज. भारतात समुद्रातून उचललेल्या लाइव्ह रॉकच्या, म्हणजे जीव बसलेल्या दगडाच्या, नादाला लागू नका, प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आपण ड्राय रॉकवर सुरू करतो आणि कोरडा दगड म्हणजे शून्य बीज, कितीही वाट बघा. पुण्या-हैदराबादच्या छंदिष्टांच्या टँकची मागची काच जांभळी असते. प्लास्टिकच्या कार्डाने ती खरवडून तो चुरा त्याच टँकच्या पाण्यात बाटलीत भरून द्यायला सांगा, थर्माकोलच्या डब्यात घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सकाळी पोचतो. शिंपल्यावर हा जांभळा थर चढलेली टर्बो गोगलगाय मिळाली तर त्याहून बरं. ओल्या कागदात गुंडाळलेला दगडाचा तुकडाही चालतो, पण तो वाटेत सुकला की पांढरा पडून मरतो. टँकमध्ये टाकण्याआधी त्यावर ऐप्टेशिया (झपाट्याने पसरणारं उपद्रवी समुद्रफूल) नाही ना हे भिंगाने बघा.

चुरा वेव्हमेकरच्या (टँकमध्ये प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) धारेसमोर सोडायचा. त्याआधी स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि फिल्टर सॉक (पाणी गाळणारी पिशवी) तीन-चार तास बंद, नाहीतर सगळं सॉकमध्ये जमा होतं. दर पंधरा दिवसांनी पुन्हा थोडा चुरा.

लाइट निम्म्याहून कमी, आठ तास. नव्या टँकमध्ये कडक एलईडी म्हणजे हिरव्या केसाळ शेवाळाला आमंत्रण. कोरलाइन बहुधा सावलीत आधी दिसतं: पंपाच्या मागे, मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, दगडाच्या पोटाला. बीज चांगलं असेल तर दोन-तीन महिन्यांत मोहरीएवढे गुलाबी ठिपके. समोरचा दगड जांभळा व्हायला वर्षही लागतं. ट्रोकस आणि टर्बो गोगलगायी वरचं शेवाळ खातात, त्या ठेवा. लांब काट्यांचा सागरी साळू मात्र कोरलाइनच खरवडून खातो.

इथल्या उन्हाळ्याने आणखी एक घोळ होतो. हवा कोरडी असल्याने नुसत्या पंख्याने टँक तीन-चार अंश उतरतो, चिलरची गरज पडेलच असं नाही. पण दोनशे लिटरच्या टँकमधून रोज चार लिटर पाणी उडतं. ते भरून काढायला चुन्याची निवळी वापरा असं सगळीकडे सांगतात. ते सांगणारे दमट हवेतले, त्यांचं लिटरभर उडतं. लिटरला दीड ग्रॅमची पूर्ण निवळी रोज चार लिटर गेली तर अल्कलिनिटी दिवसाला सव्वादोन डीकेएच चढेल आणि पीएच ८.५ च्या पार जाईल. ठिपके येईपर्यंत निवळी नकोच. आल्यावर लिटरला पाव ग्रॅमपासून सुरुवात करा. चुना प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या, पानाचा नको.

ठिपके पसरायला लागले की अल्कलिनिटी घसरायला लागते. तेव्हाच डोसिंग सुरू करा, त्याआधी नाही. रोज एकाच वेळी मोजा. दोनशे लिटरला १ डीकेएच वाढवायला ६ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, बेकिंग पावडर नव्हे. दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त हलवू नका. आकडा ७.५ असो की ९, तो रोज तोच राहणं कोरलाइनला जास्त मानवतं. कॅल्शियम १० पीपीएम वाढवायला त्याच टँकला डायहायड्रेट कॅल्शियम क्लोराइड सव्वासात ग्रॅम. सोडा आणि हे एकाच वेळी ओतू नका, मध्ये तासभर जाऊ द्या, नाहीतर दूध होतं. मॅग्नेशियम महिन्यातून एकदा मोजलं तरी चालेल. १२५० च्या खाली गेलं तर मात्र आधी तेच वर आणा, कारण ते कमी असताना बाकी दोन आकडे जागेवर राहत नाहीत.

रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवा, आरओच्या पाण्याने नको. हे आधी सांगायला हवं होतं, कारण क्षारता चुकली की वरचे सगळे आकडे चुकतात.

मागची काच खरवडू नका, ते तुमचं बियाणं आहे. समोरची खरवडताना निघालेला चुरा दगडांवर जाऊ द्या. वेव्हमेकर आणि रिटर्न पंप दर तीन महिन्यांनी बाहेर काढून लिटरला ४०-५० ग्रॅम लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवा. कोरलाइन इम्पेलरवरही तितकंच आनंदाने बसतं आणि पंप आवाज करायला लागेपर्यंत ते कळत नाही.