कारचे किलोमीटर कमी करण्याचा आराखडा: माझा अनुभव

आमच्या पालिकेच्या हवामान आराखड्यात वाहतुकीबद्दल एकच ओळ होती: कारप्रवास कमी करावा. कसा, ते लिहून आणायचं काम वाहतूक कक्षावर, पर्यायाने माझ्यावर आलं. आराखडा अखेर मंजूर झाला. उद्या हेच काम ज्यांच्या टेबलावर येईल त्यांच्यासाठी, गाडं कुठे कुठे अडलं ते लिहितोय.

सुरुवातीलाच अडलं ते मोजमापावर. रस्त्याचा कुठलाही प्रस्ताव आला की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: चौकात गाडी किती सेकंद थांबणार? या कसोटीवर बसमार्गिका आणि रुंद पदपथ हमखास नापास, रस्तारुंदी हमखास पास. रुंद केलेला रस्ता काही वर्षांत पुन्हा भरतो, हे खात्यात सगळ्यांना माहीत असतं, पण तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता. मी कॅलिफोर्नियाचा दाखला टिप्पणीला जोडला. तिथे २०१३च्या कायद्याने पर्यावरणीय मूल्यमापनातली विलंबाची कसोटी काढायचं ठरलं आणि जुलै २०२० पासून तिच्या जागी वाहनांनी कापलेलं एकूण अंतर राज्यभर लागू झालं. रस्ते विभागाशी चांगलीच खडाजंगी झाली. शेवटी दोन्ही आकडे लिहायचे, पण हवामानाच्या हिशेबात किलोमीटरच धरायचे, यावर मिटलं.

रकाना बदलल्याबरोबर चित्रच बदललं. तोवर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर शहराचा मध्यभाग होता. तो पादचाऱ्यांना दिला की झालं, असा सूर होता. किलोमीटर मोजल्यावर वेगळंच दिसलं: छोट्या फेऱ्या संख्येने खूप, पण किलोमीटरचा मोठा ढीग कडेच्या वस्त्यांतून रोज कामावर येणाऱ्यांचा. त्यांच्याकडे बस धडपणे जातच नाही आणि तिकडेच नवी घरं मंजूर होत राहतात. म्हणून मी नगररचना विभागाला पहिल्या बैठकीपासून सोबत बसवलं. हे काम एकट्या वाहतूक कक्षाचं नाहीच.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला पार्किंगने. बांधकाम नियमावलीत प्रत्येक घरामागे किमान अमुक जागा ठेवाच, अशी सक्ती होती. म्हणजे ज्याच्याकडे गाडी नाही, तोही घराच्या किमतीत गाडीच्या जागेचे पैसे मोजतो. एकीकडे कार कमी करा म्हणायचं आणि दुसरीकडे त्यांच्यासाठी जागा सक्तीने बांधून घ्यायची! लंडनने २००४ मध्ये ही किमान अट काढून उलट कमाल मर्यादा घातली; अमेरिकेतल्या बफेलोने २०१७ मध्ये शहरभर सक्तीच रद्द केली. आम्ही वारंवार बस असलेल्या मार्गांलगत तेवढी कमाल मर्यादा सुचवली. विकासकांचा विरोध होईल असं वाटलं होतं, पण तळघर खोदण्याचा खर्च वाचतो म्हटल्यावर त्यांच्यातलेच काही बाजूने बोलले. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमसारखा कर मात्र जमला नाही. तिथे २०१२ पासून ११ किंवा जास्त पार्किंग जागा असलेल्या कंपन्यांकडून शुल्क घेतात आणि तो पैसा ट्राम व इतर सार्वजनिक वाहतुकीकडे जातो. आमच्या विधी विभागाने एका परिच्छेदात निकाल लावला: असा कर बसवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हरकती-सूचनांच्या सुनावणीत व्यापारी गिऱ्हाईक तुटेल म्हणून बोलले; ते येणारच होतं. अनपेक्षित होत्या व्हीलचेअरवरून आलेल्या एक बाई. त्यांनी बसथांब्याचा फोटो समोर ठेवला. थांब्याचा कट्टा आणि बसचा दरवाजा यांच्यात वीतभर उंचीचा फरक. ‘आधी हे नीट करा, मग माझ्या गाडीकडे बघा,’ एवढंच बोलल्या. त्या दिवशीचा सगळ्यात नेमका आक्षेप तोच होता. अपंगांच्या राखीव जागांना हात लावायचा नाही आणि थांब्यांची उंची पहिल्याच वर्षी दुरुस्त करायची, अशी दोन कलमं त्यातून आली.

व्यापाऱ्यांसाठी आम्ही ‘प्रायोगिक तत्त्वावर’ हा मार्ग घेतला. स्टॉकहोमने गर्दी-शुल्क, म्हणजे शहराच्या मध्यभागाची हद्द ओलांडणाऱ्या गाड्यांवरचं शुल्क, जानेवारी ते जुलै २००६ असं आधी चाचणी म्हणून लावलं. हद्द ओलांडणारी वाहतूक सुमारे पाचव्या हिश्श्याने घटली, विरोधात असलेलं मत फिरलं, सप्टेंबरच्या सार्वमतात शहराने कौल दिला आणि २००७ मध्ये शुल्क कायम झालं. शुल्क आमच्या आवाक्याबाहेरचं, पण बेल्जियममधल्या घेंट शहराची युक्ती स्वस्तातली होती आणि तीच आम्ही चाचणी म्हणून सुचवली: २०१७ मध्ये त्यांनी मध्यभागाचे विभाग पाडले आणि एका विभागातून दुसऱ्यात कारने जायचं तर बाहेरच्या वळणरस्त्यानेच जा, असं केलं. पाट्या, रस्ता अडवायला कुंड्या, कॅमेरे. खोदकाम जवळपास नाही.

सर्वसाधारण सभेत रहिवासी गल्ल्यांतल्या सशुल्क पार्किंगचा आमचा प्रस्ताव उडाला. निवडणूक तोंडावर होती, दुसरं काय होणार. पार्किंगची कमाल मर्यादा आणि विभागांची चाचणी टिकली. एका नगरसेविकेने उपसूचना मांडली की कडेच्या वस्त्यांतल्या जादा बस सुरू झाल्याशिवाय मध्यभागात एकही कुंडी ठेवायची नाही. मला ती मनापासून पटली. ती आता ठरावात आहे, आणि बसची तरतूद पुढच्या अंदाजपत्रकात यावी म्हणून मी सध्या लेखा विभागाच्या खेपा घालतोय.