सवड आणि जागा

कोकणात लहान घरात राहून एखादा छंद जोपासायचा म्हणजे एक पंचाईत ठरलेली. जागा असते तेव्हा सवड नसते आणि सवड मिळते तेव्हा जागा गेलेली असते.

आमचं घर देवगड तालुक्यातलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी. दिवाळीनंतर अंगणात खळं केलं, वर मांडव घातला, की घराला बिनभिंतीची आणखी एक खोली मिळते. पाय पसरून बसा, कागद पसरा, कोणी काही म्हणणार नाही. पण बसायचं कधी? गावोगावच्या जत्रा सुरू होतात, रात्र दशावतारात जाते. कलमांना मोहोर आला की फवारणीची लगबग, मग तोड. एप्रिलपासून माजघरात पेंढ्यावर आंब्याची अढी, खाटेखालीसुद्धा आंबे. त्यातच मुंबईचे चाकरमानी येतात आणि रात्री पाय ठेवायला जागा शोधावी लागते. मे महिन्यात ब्रश हातात घेणारी बाई आमच्या वाडीत अजून जन्माला यायची आहे.

मग पाऊस. लावणी आटपली की दुपार खरोखर आपली होते. पण तोवर मांडव उतरलेला असतो. पडवीत लाकडं, शेणी, नारळाची सोडणं. घरात दोरीवर न वाळणारे कपडे. कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेवढे महिने घर निम्मं होतं. माझा छंद जलरंगांचा. पाण्याची कमतरता नाही, एवढंच काय ते जमेच्या बाजूला.

घर आवरण्याचे व्हिडिओ मीही बघते. सगळ्या वस्तू एकसारख्या पारदर्शक डब्यांत, वर घट्ट झाकण, झाकणावर नाव. बघताना मन कसं थंड होतं. पण हे डबे भरणाऱ्यांनी एकदा जुलैत आमच्याकडे राहून बघावं. हवेतला दमटपणा नव्वद टक्क्यांच्या आसपास असतो. बुरशीला सत्तरही पुरतो. झाकण लावताना आपण कागदाबरोबर ती ओली हवाही डब्यात कोंडतो आणि आठवड्याने डबा उघडला की कुबट वास. आमच्याकडे झाकून ठेवलेलं टिकत नाही, वारा लागलेलं टिकतं. दांडी, खुंटी, शिंकं, कोनाडा ही जुन्या घरातली सगळी सोय उघड्यावरची होती. बंद होता तो फक्त फडताळाचा दरवाजा, त्यालाही फटी. ती माणसं अव्यवस्थित होती असं कोणी म्हणू नये.

कागदाचं दुखणं दिसत नाही, हे त्याचं वाईट. जलरंगाच्या चांगल्या कागदाला कारखान्यात खळ देतात, बऱ्याचदा जिलेटिनची. तिच्यामुळे रंग वरच तरंगतो, लगेच आत झिरपत नाही. दमट हवेत ही खळ जागोजाग मरते. कोरा कागद बघून काही कळत नाही. आकाशाचा निळा हात फिरवला की मात्र मध्येच गडद ठिपके उठतात, टीपकागदावर शाई सांडावी तसे. ते काही केल्या जात नाहीत. मग आकाशात पक्षी काढावे लागतात. माझ्या पावसाळी चित्रांत पक्षी फार असतात.

रंगांच्या वड्यांची तऱ्हा वेगळी. काही कंपन्या रंग मऊ राहावा म्हणून त्यात मध घालतात, डिंक तर सगळ्यांतच असतो. कोकणातल्या मुंग्यांना हे कोण सांगतं कुणास ठाऊक. शिवाय चित्र झाल्यावर डबी लगेच मिटली तर ओल्या वडीवर दोन दिवसांत पांढरी लव येते. म्हणून डबी उघडी ठेवायची, खालच्या ताटलीत पाणी, म्हणजे मुंग्यांचा रस्ता बंद. आणि कोपऱ्यात दोन लवंगा. लवंगेच्या तेलाने बुरशी धरत नाही म्हणून जुने चित्रकार रंगात त्याचे थेंब टाकत. आमच्या मिसळणाच्या डब्यातून दोन लवंगा गेल्या तर आमटीला काही फरक पडत नाही, मी करून पाहिलं आहे.

ठेवायला सगळ्यात उत्तम काय, तर आंब्याची लाकडी पेटी. आता बहुतेक माल पुठ्ठ्याच्या खोक्यांतून जातो, तरी माळ्यावर एखादी जुनी पेटी निघतेच. आंब्याला वारा लागावा म्हणून तिच्या फळ्यांत बोटभर फट ठेवलेली असते, आणि कागदाला नेमकं तेच हवं. पेटी आडवी करायची, खाली दोन विटा, आणि भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायची. जांभ्याची भिंत पाणी पिते, तिला टेकलेलं काहीही ऑगस्टपर्यंत ओलं होतं आणि मागून वाळवी चढली तर कळतही नाही. कसर लागू नये म्हणून फडक्यात बांधलेलं वेखंड. पुठ्ठ्याचं खोकं या कामाला घेऊ नये. ते स्वतःच ओल धरतं आणि झुरळांना आयतं घर होतं.

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, बेगमीत मी आता कागदही धरते. वैशाखात कोकमाची सोलं, मिरच्या, कुळीथ वाळत पडतात, तेव्हा कागद मांडवाच्या सावलीत दिवसभर वाऱ्यावर. उन्हात नाही, पिवळे पडतात. सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, "ह्ये पापड कसले गो?"

आणि काढलेल्या चित्रांचं काय करायचं? कोरे कागद संपतात तरी. चित्रं वाढतच जातात. भिंतीवर लावावीत तर भिंत ओली, लोकांना द्यावीत तर किती द्यावीत. इथे मला कुडाळजवळच्या पिंगुळीची आठवण होते. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायची. एकेका आख्यानाच्या चित्रांची एक पोथी, आणि दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथा सांगताना पान फिरवायला सोपं हे खरंच, पण माझ्या डोळ्यांना आधी दिसली ती वाचलेली जागा. परशुराम गंगावणे यांनी तर ही चित्रं आणि कळसूत्री बाहुल्या मांडायला घरचा गोठाच मोकळा केला आणि त्याचं संग्रहालय केलं. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. जागा नाही म्हणणाऱ्यांनी एकदा तो गोठा बघून यावा. माझ्याकडे गोठा नाही, पण पाठीला पाठ लावण्याची युक्ती मी उचलली आहे.

त्याहून धाडसी रीत आमच्याकडे गणपतीच्या भिंतीची. सिंधुदुर्गात कितीतरी घरांत चतुर्थीच्या आधी गणपतीमागची भिंत दरवर्षी नव्याने रंगवतात. वेलबुट्टी, मोर, हत्ती, लक्ष्मी. वर्षभर ते चित्र घरात राहतं, पुढच्या श्रावणात त्यावर चुन्याचा हात फिरतो आणि त्याच जागी दुसरं निघतं. कपाट नको, पेटी नको, वेखंड नको. घरातलं सगळ्यात मोठं चित्र, आणि साठवणीला शून्य जागा. हल्ली भिंतीऐवजी छापील पडदा लावतात. धुता येतो, घडी करता येते, मला आवडत नाही. गेली काही वर्षं आमची भिंत मी रंगवते. जुनं चित्र पुसताना पहिला हात सासूबाईंना फिरवायला लावते, माझ्याच्याने होत नाही.

बाकी वर्षभराचं माझं बसणं खिडकीत. जांभ्याची भिंत जाड, त्यामुळे पूर्वेच्या खिडकीला आतून हातभर कट्टा आहे. पाऊस येतो पश्चिमेकडून, तिकडच्या खिडक्यांना प्लास्टिक ठोकलेलं, तेव्हा उजेड काय तो या एका खिडकीतून. रंगांची डबी, पाण्याचा पेला, ब्रश, सगळं कायम तिथेच उघडं असतं. पाहुणे आले तरी मी ते उचलत नाही. रोज मांडायचा आणि रोज उचलायचा छंद चार दिवस चालतो. कढी उतू जायच्या आत एक पान रंगवून होतं, ते केवळ ब्रश हाताशी असतो म्हणून. सासूबाई म्हणतात, "हो काय पसारो मांडलंस? येणाऱ्यांका खंय बसवतलंस?" येणारे पडवीतल्या बाकावर बसतात आणि आत डोकावून कवंडाळाच्या लाल रानफळाचं चित्र ओळखू आलं का ते सांगतात. अर्ध्यांना तो टोमॅटो वाटतो.

सध्या भांडण या कट्ट्यावरूनच आहे. सासूबाईंना तिथे आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली हवी, कारण येता-जाता दिसते. नवऱ्याला ती जागा हवी, कारण मोबाइलला रेंज अख्ख्या घरात तिथेच येते. मुंबईहून दिराचा फोन आला की माझा पाण्याचा पेला बाजूला होतो आणि ब्रश आगळाच्या बाटलीत उभा राहतो. पडवीच्या कोपऱ्यात मला वेगळी फळी ठोकून द्यायचं ठरलं आहे. फक्त तिथली लाकडं कुठे रचायची, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.