मल्चिंग पेपर का घेत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"ठिबकच्या जुन्या नळ्या घेता, मग मल्चिंग पेपर का नाही? दोन्ही प्लास्टिकच ना?" सिल्लोड-भोकरदनकडची मिरची उरकली की हा फोन ठरलेला. मल्चिंग पेपर म्हणजे पिकाच्या बेडवर, म्हणजे गादीवाफ्यावर, अंथरतात तो पातळ प्लास्टिकचा कागद. मी जुनं प्लास्टिक विकत घेतो, धुऊन-वितळवून त्याचा दाणा करतो, म्हणून हा प्रश्न मला. आता लिहूनच टाकतो.

हो, दोन्ही प्लास्टिकच. जातही एकच, एलएलडीपीई, म्हणजे पॉलिथिनचाच एक प्रकार. भांडण मातीशी आहे. ४ फूट रुंद, ४०० मीटर लांब, २५ मायक्रॉन (मिलिमीटरचा चाळिसावा भाग) जाडीचं बंडल साधारण ११ किलोचं. उलगडलं तर दोन्ही बाजू मिळून साडेनऊशे चौरस मीटरच्या वर. तेवढ्याच वजनाची १ मिलिमीटर जाडीची नळी आतून-बाहेरून मोजली तरी २५ चौरस मीटरच्या आसपास. माती बसायला जागा कुठं जास्त, तुम्हीच सांगा.

त्यात आपली काळी माती. धुताना पेपर तरंगतो, खडे तळाला जातात, पण बारीक चिकणमाती पाण्यात घोळतच राहते. हौदात तुरटी फिरवा, रात्रभर थांबा, गाळ उपसा. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच मराठवाड्यात हे धुणं टँकरवर चालतं.

एक गाडी सांगतो. अवकाळी झाल्यावर लगेच ओढून काढलेला पेपर, मुळ्यांसकट, सुतळीनं आवळलेला. काट्यावर १४०० किलो. सुतळी वितळत नाही, करपते, मुळ्यांचंही तेच. दाणा मशीनच्या तोंडाशी वितळलेला माल गाळायला जाळी असते, ती दर दहा मिनिटांनी चोंदायला लागली. जाळी चोंदली की मागं दाब चढतो, मोटर कण्हते, माल आतच अडकून जळतो. जाळी बदलायला थांबावं, तर तेवढा माल लोळा होऊन बाहेर. वाळवणही कमी पडलं होतं. घडीतल्या पाण्याची वाफ झाली आणि दाण्यात बुडबुडे धरले. ५०० किलोही दाणा निघाला नाही. जो निघाला तो पोकळ, पाइपवाल्यानं परत पाठवला. मशीनमध्ये माल पुढं ढकलणाऱ्या स्क्रूचे आटे मातीनं घासले ते वेगळंच.

पूर्वी म्हणायचो, शेतकरी नीट काढतच नाहीत. आता तेवढ्या जोरात म्हणवत नाही. नीट काढायचं म्हणजे शेवटच्या तोड्यानंतर पाणी बंद करून बेड वाळू द्यायचा. झाड उपटायचं नाही, बुडातून छाटायचं. कडेची माती खुरप्यानं मोकळी करायची, एका टोकाकडून झटकत गुंडाळत यायचं आणि बांधायला त्याच पेपरची पट्टी घ्यायची. यात बायांचा जो रोज जातो, तो माझ्या भावात निघत नाही. रोटाव्हेटर घातला की रान लगेच मोकळं. तुकडे मातीत राहतात, ते कुणाच्या हिशोबात नाहीत. बांधावर पेटवणं तर फुकटच.

जाड पेपर वापरा म्हणावं, तर तो अखंड निघतो हे खरं. पण ५० मायक्रॉनला प्लास्टिक दुप्पट लागतं, आणि ते पैसे मी भरत नाही.

तरी कोरडा, बिनमुळ्यांचा, पट्टीनं बांधलेला असेल तर आणा. भाव मात्र फोनवर विचारू नका, माल बघून सांगेन.