फाट्यावरून मुंबई

"इमानानं मुंबई किती दूर हाय रे?" आबाजींनी ओसरीवरून विचारलं. मी मोबाईल पाहून सांगितलं, नागपूरहून सरळ रेषेत सुमारे ६८५ किलोमीटर, दीड तास.

आबाजी तुरीच्या शेंगा सोलत होते. हात थांबले. "इमान तासाले किती पयते?"

"आठशेच्या वर."

"मंग पाऊण-एक तासात पोचाले पायजे. बाकीचा अर्धा तास काय चाहाले थांबते का?"

सातवी शिकलेल्या माणसाचा हिशेब चोख होता. तिकिटावरची वेळ नुसत्या उडण्याची नसते, विमान जागेवरून हललं की सुरू होते. धावपट्टीपर्यंत रांगत जायचं, वर चढायचं, उतरताना वेग कमी करायचा. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या, एका वेळी एकच चालते. गर्दी असली की वर घिरट्या. "म्हंजे स्टँडाबाहेर यष्टी उभी रायते तसं," आबाजी म्हणाले आणि पुन्हा शेंगांकडे वळले.

रेल्वेने तीच मुंबई ८३७ किलोमीटर पडते, समृद्धी महामार्गाने भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतच ७०१. एकाच गावाची तीन अंतरं. ज्याच्या खिशाला जे परवडेल, त्याची मुंबई तेवढी दूर. आबाजींच्या पिढीला किलोमीटर फारसा ठाऊकच नव्हता. तालुका तीन कोस, मामाचं गाव 'सकाळी निघालं की जेवायच्या वेळी'. यवतमाळ ते मूर्तिजापूर पूर्वी धावणारी शकुंतला रेल्वे तर चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येईल अशी होती, असं सगळे सांगतात. मी स्वतः तसं कधी केलं नाही, पण खोटं वाटत नाही.

आमचं गाव दारव्ह्याकडचं. दुपारी अडीचचं विमान म्हणून मी आणि धाकटा भाऊ पहाटे पाचला फाट्यावर उभे. पाचची गाडी सहाला आली, तेवढ्यात दोन चहा झाले. यवतमाळला दुसरी गाडी. पुढे कळंब, देवळी, वर्धा. मांडीवर आईने दिलेली तुरीच्या डाळीची पिशवी. वजन भरेल म्हणून मी घरीच नको म्हटलं होतं, पण ऐकतंय कोण. नागपूरला स्टँडवरून ऑटो करून सोनेगावचा विमानतळ गाठला, तेव्हा बारा वाजून गेले होते. म्हणजे जेमतेम दोनशे किलोमीटरला सात तास.

भावाने दारातूनच निरोप घेतला. "साडेबाराची यष्टी भेटली त सांजच्याले घरी," म्हणाला आणि आल्या ऑटोनेच परत वळला.

खिडकीतून खाली पाहिलं तर पऱ्हाटीची वावरं चौकडीच्या चादरीसारखी पसरलेली. मधूनच एखाद्या तळ्याचं पाणी चमकायचं. यातलं आपलं कोणतं, हे शोधेपर्यंत ढग आले. मग चहा आला, सूचना झाल्या आणि मुंबई खाली दिसायला लागली. दोन घिरट्या झाल्याच.

चारच्या सुमारास उतरून फोन सुरू केला, लगेच भावाचा कॉल. "पोचला का?"

"आत्ताच उतरलो. तू कुठे?"

"कळंबात. टायर बसला. डायवर म्हन्ते, अर्धा तास."

मागून कोणीतरी भजे घेणार का विचारत होतं.