वजन ‘नॉर्मल’ होते म्हणून न ओळखलेला आजार : माझा अनुभव

धाकट्या बहिणीच्या संमतीने हे लिहीत आहे. तिला बुलिमिया (एकदम खूप खायचे आणि मग उलट्या, जुलाबाच्या गोळ्या किंवा उपवास करून ते भरून काढायचे, असा मानसिक आजार) असल्याचे निदान होण्यास जो उशीर झाला, त्यातला बहुतेक एकाच बाह्यरुग्ण विभागात झाला आणि त्याचा राग अजून मनातून गेलेला नाही.

तिथे प्रत्येक वेळी आधी उंची आणि वजन घेतले जाई, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २२ च्या आसपास, म्हणजे ‘नॉर्मल’ भरे आणि पुढचे सारे बोलणे त्या आकड्यापाशीच संपे. जेवण होताच ती बाथरूममध्ये जाते व नळ सोडून बराच वेळ आत राहते, रात्रीतून फरसाणाचे अख्खे पाकीट संपते आणि दुसऱ्या दिवशी अचानक उपवास निघतो, हे मी सांगत असताना डॉक्टर केसपेपरवर ‘ॲसिडिटी’ लिहून मोकळे होत. एकदा तर त्यांनी तिच्यादेखत सांगितले की, असा काही आजार असता तर हाडे दिसली असती. आपण अजून पुरेशा बारीक झालेलो नाही, एवढाच अर्थ तिने त्यातून घेतला आणि नंतर ती कितीतरी दिवस नीट जेवली नाही. वास्तविक ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्येच या आजाराचे वर्णन केले आहे आणि त्यात वजन बहुधा सामान्य किंवा थोडे अधिकच असते. वजनकाट्यावर तो सापडणारच नव्हता.

सुटका दंतवैद्यांमुळे झाली. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजलेली आणि कानांखालच्या लाळग्रंथी सुजलेल्या पाहून त्यांनी तिला एकटीला बसवून शांतपणे विचारले. मानसोपचारतज्ज्ञांकडे मग सारे सुरळीत झाले. तिथे विचारलेल्या ‘स्कॉफ’ या खाण्याच्या विकारांच्या प्राथमिक चाचणीच्या पाच प्रश्नांपैकी वजन घटण्याचा प्रश्न एकच आहे आणि दोन उत्तरे ‘हो’ आली तरी पुढील तपासणी करावी लागते.

घरच्यांना माझे सांगणे असे की, डॉक्टरांकडे जाताना दिसलेले वर्तन कागदावर लिहून न्यावे आणि उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्यांची शंका असल्यास रक्तातील पोटॅशियम व ईसीजी तपासण्याचा आग्रह धरावा, कारण पोटॅशियम घसरल्यास हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. आपल्याकडे सोमवार, चतुर्थी, एकादशी करणाऱ्या मुलीला कोणी काही विचारत नाही, उलट तिचे कौतुक होते. तेव्हा उपवास सुटताना काय घडते, याकडे लक्ष असावे. कोणाशी बोलावे हे सुचत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. वजन घ्यावे लागलेच, तर आकडा तिला न दाखवण्याची विनंती आधीच करावी. उलटीनंतर लगेच ब्रश करू नये, हे आम्हाला फार उशिरा कळले. आम्लामुळे दातांचे आवरण मऊ झालेले असते, त्यामुळे त्या वेळी नुसत्या पाण्याने चूळ भरावी.